एकतीस नंबरची गुलाबी फीत

"हलू नकोस, तेओ! तू हललास की उजेड हलतो."

"मी कुठे हललो? माशी हलली. नाकावर येऊन बसलीय, आणि माझे दोन्ही हात तू या खोक्यात अडकवून ठेवलेस."

खोका म्हणजे पिझ्झाचा रिकामा खोका, आतून चंदेरी कागद चिकटवलेला. तेरा वर्षांचा तेओ कात्सारोस त्या सोमवारी तो धरून टेरुका गावच्या जुन्या स्टेशनात, फलाटाखाली, उकिडवा बसला होता. खोक्यावरून परतलेला उजेड फड्या निवडुंगाच्या पिवळ्या फुलावर पडत होता. समोर पोटावर आडवी झालेली इर्मा लिंडनर कॅमेऱ्याला डोळा लावून श्वास रोखून होती. इर्मा बारा वर्षांची. वसंतातली सुट्टी लागली की बाकीची पोरं नदीवर पोहायला जातात, आणि ही काट्यांत लोळते.

त्यालाही कारण होतं. शनिवारी आमच्या टेरुका निवडुंग मंडळाची फोटोस्पर्धा होती. मंडळात सभासद सगळे मिळून अकरा, त्यातले आठ सत्तरीच्या पुढचे. स्पर्धा अगदी घरगुती, बक्षीस म्हणून एक निळी रिबन आणि मंडळाच्या जुन्या झाडाचं एक पिल्लू. पण नियम मात्र कडक. चौकटीत झाड आणि फक्त झाड. कुंडी नको, नावाची पट्टी नको, कुंपण नको, कुणाचं बोट नको. "चौकट साफ हवी," असं मंडळाच्या अध्यक्षा मिसेस पर्ल हॅनिगन वर्षातून चाळीस वेळा म्हणत. इर्माने ते इतकं मनावर घेतलं होतं की तिच्या दप्तरात काडीकचरा उचलायला चिमटा आणि काट्यांवरची धूळ झटकायला रंगाचा ब्रश कायम असायचा.

"मागे काहीतरी गुलाबी फडफडतंय," ती कॅमेऱ्यातून बघत वैतागली. "कुणीतरी फीत बांधून ठेवलीय. सगळा फोटो नासला."

ती उठली, फडीवरची प्लास्टिकची फीत सोडली, मागे हात करून कुठेशी अडकवली आणि पुन्हा पोटावर पडली. खट्. फूल मिळालं. असं मिळालं की तेओही माशी विसरून बघत राहिला.

"ही रिबन तुझीच," तो म्हणाला. "मंडळातला म्हातारा नॉर्मन विकरी घरी जाऊन रडणार."

"आता माझा फोटो बघा," दहा वर्षांचा बिन ले म्हणाला. बिन इर्माचा शेजारी. त्याच्या खिशात एक वही आणि काकाचा जुना फोन असायचा, आणि जे दिसेल ते तो यातल्या एकात घालायचा. त्याने घरून एक कुंडी आणून फलाटाच्या कडेला ठेवली होती. तिच्यात दगडासारखी दिसणारी, जाड पानांची बुटकी झाडं होती. खड्यांत लपून बसतात ती, शोधून सापडत नाहीत.

तेओने फोन डोळ्यांजवळ नेला. "बिन, यात झाड कुठेय?"

"हे काय, मधोमध."

"हा दगड आहे, बिन."

"झाड आहे."

तेओने कुंडीतून ते 'झाड' दोन बोटांत उचललं आणि बिनच्या तळहातावर ठेवलं. दगडच होता. बिनने तो गंभीरपणे खिशात टाकला आणि वहीत काहीतरी लिहिलं. हसण्यावारी गेलेल्या त्या फोटोत मागच्या कोपऱ्यात काय आलंय, ते तेव्हा कुणीच पाहिलं नाही.

फलाटाशेजारी तिघांच्या डोक्यांवरून वाकून बघत असल्यासारखा उभा होता स्टेशनमास्तर. हे एका झाडाचं नाव. खांबासारखा उंच, सरळ, खोडाला वरपासून खालपर्यंत पन्हळी असलेला निवडुंग. मिसेस हॅनिगनचे वडील या स्टेशनचे शेवटचे मास्तर. गाडी बंद झाल्यावर जाताना त्यांनी जॅमच्या डब्यात लावलेला एक तुकडा फलाटाशेजारी मातीत खोवला. पुढे रूळ उखडले, तिकीटघराचं छप्पर उडालं, मास्तरही गेले. हा मात्र जागचा हलला नाही. आता तो सिग्नलच्या खांबापेक्षा उंच आहे, आणि बाहेरगावचं कुणी त्याला नुसतं 'ते कॅक्टस' म्हणालं तर आम्हाला राग येतो.

बुधवारी सकाळी तिघं पुन्हा आली. स्टेशनमास्तरच्या अंगावर हाताच्या उंचीवर एक कळी धरली होती आणि ती कधी उमलते यावर तिघांची नजर होती. कळी होतीच. पण तिच्या खाली, काट्याला अडकलेली, एक गुलाबी फीतही होती. फितीवर काळ्या शाईत आकडा: ३१.

"हे काय नवीन?" इर्मा म्हणाली.

"कुणीतरी चोरायला खूण करून ठेवलीय," तेओ म्हणाला. "अशी झाडं चोरीला जातात. माझ्या मामाने सांगितलंय."

"दोन मजली झाड चोरून नेणार कशातून? तुझ्या मामाच्या टमाट्यांच्या ट्रॉलीतून?"

तरी सायकली काढून तिघांनी गाव पालथं घातलं. दफनभूमीच्या कुंपणाशी फीत, ओढ्यावर तीन फिती, शाळेमागच्या मोकळ्या रानात पाच. बिनने सगळ्या लिहून घेतल्या आणि वही मिटताना म्हणाला, "सगळ्या फड्यावर आहेत. एकच फड्यावर नाही. स्टेशनमास्तरवर आहे ती."

बेकरीसमोरच्या बाकावर त्यांना उत्तर सापडलं. उत्तराचं नाव ग्रॅहम टकर. तो मटण भरलेली पेस्ट्री खात होता, आणि त्याच्या पिकअपमध्ये मागे ड्रिल, नळ्या आणि लाल झाकणाचे कॅन होते. तण मारायचं कंत्राट त्याच्याकडे होतं.

"फिती? त्या तपासणीवाल्या बाईंच्या," तो तोंडातला घास न गिळताच म्हणाला. "मिस रेनर. गेल्या आठवड्यात शहरातून येऊन बांधून गेल्या. मी आज सकाळी गाडीतून फिरून सगळ्या मोजल्या, यादीवर खुणा केल्या. उद्यापासून फीत तिथे भोक, भोकात औषध. महिन्याभरात झाड चिखल."

"पण एकतीस नंबर तण नाहीये," इर्मा म्हणाली. "तो स्टेशनमास्तर आहे."

"काटे आहेत ना?"

"आहेत, पण..."

"मग झालं. मी फीत बघतो, पोरी, झाड नाही बघत. झाडं बघत बसलो तर नाताळपर्यंत इथेच राहीन. आणि हो, फीत काढायचा विचारही करू नका. जागा यादीवर चढलीय. फीत काढून यादी बदलत नाही, आणि तुमच्या घरी पत्र येईल ते वेगळं."

तेओ त्याच्याशी गोड गोड बोलत राहिला, काम फार कष्टाचं असेल नाही का वगैरे. टकर खुलला. "कष्ट कसले, कागदांचा जाच. मागच्या महिन्यात अठरा अर्ज परत आले! का, तर फुलाचा फोटो जोडला नाही. मी काय लग्नाचे फोटो काढायला आलोय?" तेवढ्या वेळात बिनने बाकावर पडलेला त्याचा छापील अर्ज उलट्या बाजूने वाचून काढला.

मिसेस हॅनिगनला सांगावं, तर त्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी अ‍ॅडलेडला इस्पितळात. शनिवारीच परत यायच्या होत्या. मिस रेनरच्या ऑफिसात फोन केला, तर त्या दौऱ्यावर. ईमेल पाठवला, तर लगेच यंत्राचं उत्तर आलं: आपल्या पत्राची दखल दहा दिवसांत घेतली जाईल.

"तोवर भोकात औषध," बिन म्हणाला.

फलाटावर बसून इर्मा कॅमेऱ्यातले फोटो मागे मागे नेत होती. तपासणीवाल्या बाई एवढ्या मूर्ख कशा, हेच तिला दाखवायचं होतं. सोमवारपर्यंत आली आणि तिचं बोट थांबलं. पहिला फोटो: फड्या निवडुंग, त्याच्यावर गुलाबी फीत. दुसरा फोटो: तोच फड्या, फीत नाही.

"बिन," ती हळूच म्हणाली, "तुझा दगड दाखव."

बिनने फोन पुढे केला. दगड मधोमध, छान स्पष्ट. आणि मागे कोपऱ्यात स्टेशनमास्तर. त्याच्या काट्यावर गुलाबी फीत.

 इर्माला सोमवार आठवला. मागे न बघता हात मागे केला होता, आणि जे हाताला लागलं त्याला अडकवून मोकळी झाली होती. का, तर चौकट साफ हवी.

"हे आपल्या तिघांतच राहू दे," तेओ म्हणाला. "कुणाला कळायचं नाही."

"मला कळलंय ना."

"अगं, शनिवारी स्पर्धा आहे. सगळे तुझ्याकडे कसे बघतील?"

"बघू देत. मी फीत हलवली, ते मी सांगणार. पण झाड मरू देणार नाही. माझ्या चुकीने नाही आणि टकरच्या आळसाने तर नाहीच."

ती तशीच बेकरीवर गेली आणि तिने टकरला सगळं सांगितलं, फोटोसुद्धा दाखवले. टकरने फोटोंकडे पाहिलंही नाही. "झाड वाचवायला बरी गोष्ट रचलीत," तो हसला. "उद्या आठला येतो."

गुरुवारी आठला तो आला, तेव्हा इर्मा स्टेशनमास्तरला जवळजवळ पाठ लावून उभी होती. जवळजवळ, कारण पूर्ण लावता येत नाही.

"बाजूला हो."

"नाही."

"हे बघ, मला आज बावीस भोकं पाडायचीत."

"मग एकवीस पाडा."

टकरने ड्रिल खाली ठेवून कमरेवर हात ठेवले. "मोठ्या माणसांशी असंच बोलायला शिकवतात का तुमच्या शाळेत?"

"मोठी माणसं झाड बघून मग भोक पाडतात, असंही शिकवतात," इर्मा म्हणाली. तिचे पाय हलले नाहीत.

इथे तेओ मध्ये पडला. अगदी मधासारखा. "मिस्टर टकर, ती हट्टी आहे, सोडा. पण तुमचा अर्ज परत आला तर आम्हाला वाईट वाटेल. बिन, काय लिहिलंय रे अर्जावर?"

बिनने वही उघडली. "काम करण्याआधीचा फोटो जोडावा. झाडाला फूल येत असल्यास उमललेल्या फुलाचा फोटो जोडावा. त्याशिवाय अर्ज परत पाठवण्यात येईल."

"याला कुठेय फूल?"

"ही काय कळी, हाताएवढी," तेओने वर बोट केलं. "आधीच्या फोटोत ही दिसणारच. मग ऑफिस विचारणार, हिचं फूल कुठे गेलं? झाले एकोणीस."

टकरने कळीकडे असं पाहिलं, जणू तिनेच त्याचं वाकडं केलंय. "कधी उमलते ही?"

"काल खाली झुकलेली होती," इर्मा म्हणाली. हे तिला मिसेस हॅनिगननेच शिकवलं होतं. "आज आडवी झालीय, टोक फुगलंय. उद्या उजाडताना उघडी असेल. उन्हं तापली की मिटते, मग पुन्हा नाही."

"ठीक. उद्या सातला येतो. फोटो तू काढायचास, अर्जावरच्या पत्त्यावर तूच पाठवायचास, वर नंबर घालून. मी त्या काट्यांत वाकणार नाही. आणि मग तू बाजूला होशील."

"फोटो मी काढीन," इर्मा म्हणाली. बाजूला होईन असं ती म्हणाली नाही, पण टकर तोवर पिकअपकडे वळला होता.

शुक्रवारी साडेसहाला फूल उघडं होतं. पांढरंशुभ्र, जेवणाच्या ताटलीएवढं, मधमाश्या आत बुडून गेलेल्या. वर्षातून मोजक्याच सकाळी हे दिसतं. इर्माने कॅमेरा उचलला आणि सवयीने तिचा हात पुढे गेला, कारण फुलाच्या बरोबर खाली ती घाणेरडी गुलाबी फीत लोंबत होती. हात अर्ध्या वाटेत थांबला. तिने तो मागे घेतला.

तोवर टकर ड्रिल घेऊन आला होता. इर्मा दोन पावलं मागे सरकली आणि तिने सगळंच चौकटीत घेतलं. पांढरं फूल, फीत, फितीवरचा ३१, टकरचे बूट, ड्रिल, आणि मुद्दाम पुढे केलेला तेओचा गुडघा. खट्. बिनच्या फोनवरून फोटो गेला. वर लिहिलं: 'क्रमांक ३१, फुलाचा फोटो'. खाली सोमवारचे तीन फोटो आणि इर्माच्या चार ओळी. 'फीत फड्यावर होती. माझ्या फोटोत येत होती म्हणून मी ती काढून न बघता या झाडाला अडकवली. चूक माझी आहे. झाडाची नाही.'

"पाठवलास? हट आता."

"ऑफिसचा फोन येऊ दे."

"फोन कसला यायचाय?" टकरने ड्रिल सुरू केलं. त्या घरघरीने मधमाश्या उडाल्या. इर्माने दोन काट्यांच्या मधल्या हिरव्या जागेवर, जिथे भोक पडणार होतं तिथे, आपला तळहात सपाट ठेवला.

"हात काढ!"

"नाही काढणार."

तिच्या शेजारी तेओने हात ठेवला आणि कळवळला, कारण त्याने जागा नीट पाहिली नव्हती. बिनचा हात त्या दोघांच्या खाली आला. टकरने ड्रिल बंद केलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद केलं. शेवटी शिव्या पुटपुटत तो पिकअपमध्ये जाऊन थर्मासमधला चहा ओतायला लागला. "उन्हं तापली की फूल मिटेल म्हणालात ना? मिटू दे. मीही इथेच आहे."

तिघांचे हात भरून आले. आठ वाजले. पाठीवर ऊन चढलं, माश्या तोंडावर बसायला लागल्या आणि हाकलायला हात नव्हते. इर्माला भीती वाटत होती, अगदी खरी भीती. फोन आलाच नाही तर किती वेळ उभं राहता येईल, हे तिला ठाऊक नव्हतं.

आठ वाजून वीस मिनिटांनी टकरचा फोन वाजला. त्याने तो कानाला लावला आणि लगेच हातभर लांब धरला, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू आलं.

"टकर! फड्या निवडुंगाला पांढरं फूल कधीपासून यायला लागलं?"

"मॅडम, त्याला फीत..."

"फीत मी बांधली होती, ती चपट्या फडीच्या, पिवळ्या फुलाच्या झाडाला. तुमच्यासमोर खांब उभा आहे खांब! हात बाजूला, ड्रिल गाडीत. आणि त्या मुलीला फोन द्या."

इर्माने फोन घेतला. तळहातावर काट्यांच्या खुणा उमटल्या होत्या.

"तू फीत हलवलीस," मिस रेनर म्हणाल्या.

"हो."

"पुन्हा कधी अशी फीत दिसली तर?"

"हात लावणार नाही. आणि कुणाची, कशासाठी, ते आधी विचारीन."

"चूक तुमची असं सांगणारी पत्रं मला रोज येतात. चूक माझी असं लिहिलेलं पत्र नोकरीच्या सतरा वर्षांत पहिल्यांदा आलं. आता ती फीत जागेवर बांध. तुझ्या हाताने."

इर्माने स्टेशनमास्तरच्या काट्यावरून फीत सोडवली आणि फलाटाखालच्या फड्याला बांधली, दोन गाठी मारून. सोमवारी तिने टिपलेलं पिवळं फूल केव्हाच वाळलं होतं. हा फड्या रानात पसरतो, मेंढ्यांच्या तोंडात काटे रुततात, त्याला जावंच लागणार, हे तिला कळत होतं. तरी भोक पडताना ती दुसरीकडे बघत राहिली.

काम झाल्यावर टकर फलाटावर आला. टोपी काढून त्याने पहिल्यांदाच मान वर केली आणि स्टेशनमास्तरला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पाहिलं. "मोठं आहे की हे," तो म्हणाला, आणि निघून गेला.

शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये फोटो मांडले होते आणि प्रत्येकासमोर दह्याचा एक रिकामा डबा. आमच्याकडे मत म्हणजे खडा. प्रत्येकाला कुंडीत पसरायच्या खड्यांतला एक मिळतो, आवडेल त्या डब्यात टाकायचा. इर्माच्या नावासमोर पिवळं फूल नव्हतंच. तिथे फूल होतं, फीत होती, बूट होते, ड्रिल होतं आणि एक गुडघा होता.

सचिव नॉर्मन विकरी चष्मा पुसून पुसून बघत होते. "इर्मा, तो फड्याचा फोटो कुठेय? तोच पहिला येणार होता! हा तर नियमात बसत नाही."

"मला माहितेय," इर्मा म्हणाली. "तरी हाच ठेवा."

दार उघडलं आणि काठी टेकत मिसेस हॅनिगन आत आल्या. गावात बातमी लपत नाही, आणि त्या तर स्टेशनवरून, स्टेशनमास्तरला बघून आल्या होत्या. त्या फोटोसमोर येऊन उभ्या राहिल्या. 

"नियम मीच लिहिलाय," त्या म्हणाल्या. "चौकटीत फक्त झाड. हा फोटो बाद. निळी रिबन नॉर्मनच्या घायपाताला."

नॉर्मनना आनंद झाला आणि तो लपवता येईना. तेओने तोंड उघडलं, पण इर्माने त्याचा हात दाबला.

बिन पुढे आला. त्याने खिशातून एक दगड काढून इर्माच्या डब्यात टाकला. टक्क.

"बिन, तो बादच झालाय," तेओ पुटपुटला. "आणि हा तर तुझ्या फोटोतला दगड!"

"हो. झाड निघालं असतं तर टाकला नसता."

मग आणखी एक खडा पडला, आणखी एक, आणि मग हॉलभर खड्यांचाच आवाज. शेवटी नॉर्मनसुद्धा रिबन कोटाला लावून हळूच येऊन खडा टाकून गेले.

मिसेस हॅनिगन अजून फोटोकडेच बघत होत्या. "एवढं सुंदर फूल," त्या म्हणाल्या. "आणि तू चौकटीतली काडीसुद्धा चिमट्याने उचलणारी मुलगी. ती फीत काढावीशी नाही वाटली?"

"वाटली," इर्मा म्हणाली. "पण एकदा काढून झाली होती."

म्हाताऱ्या बाईंनी तिचा हात हातात घेतला, उलटा केला, आणि तळहातावरच्या काट्यांच्या खुणा अंगठ्याने एक एक करत मोजल्या. मग काठी नॉर्मनकडे दिली आणि आपला खडा शोधायला पर्स उघडली.